डोंगरावरची फोडणी

थायलंडहून आल्यापासून आमच्या नंदनवन वस्तीत जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाह्यलं वं तिकडं?" मी आधीच सांगून टाकते, मी पाहायला गेलेच नव्हते, स्वयंपाकाला गेले होते. पाहायला गेलेली माणसं वेगळी होती. त्यांच्या गळ्यात दुर्बिणी होत्या, माझ्या गळ्यात पासपोर्टची पिशवी. आणि तरी जे झालं ते अगदी उलटं झालं.

अनघाताई पक्षी पाहायच्या सहली काढतात. त्यांच्या घरी माझ्या खानावळीचा डबा जातो. दरवर्षी त्यांच्यासोबत एक स्वयंपाकी महाराज असायचे, कारण आपली नागपूरची माणसं परदेशात दोन दिवस हौसेनं नूडल खातात आणि तिसऱ्या दिवशी वरणभात मागतात. यंदा महाराजांच्या घरी लग्न निघालं. ताई म्हणाल्या, "रंजनामावशी, तुमच्याकडे पासपोर्ट आहे का हो?"

होता. आमच्या विहारातून लंकेची सहल निघणार होती तेव्हा काढला होता. सहल काही निघाली नाही, पासपोर्ट पेटीत कोराच पडून राहिला. मी सातवीत असताना आई खाटेवर पडली, शाळा सुटली आणि चूल माझ्याकडे आली. ती अजून माझ्याकडेच आहे. अशा बाईला कोणी विमानात बसवून नेईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ताईंचे उपकार कसे फेडावे हे मला कळेना, म्हणून मी भिवापुरी मिरची जरा जास्तच बांधून घेतली. सगळं पुढचं त्या मिरचीनं केलं.

नोईबाईचं घर

नागपूर ते चुम्पोन हा प्रवास मी सांगत नाही, कारण तो मी डोळे मिटून केला. विमान चढताना त्रिशरण म्हटलं, उतरताना म्हटलं, मधे कोणी पाणी विचारलं तरी तेच म्हणत होते. मग रात्रभर गाडी, आणि सकाळी समुद्राजवळच्या एका गावात, नारळी आणि पामतेलाच्या झाडांमधलं एक घर. घरमालकीण नोईबाई. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बुटकी, आणि सकाळी सकाळी दगडी खलात लाल मिरची कुटत बसलेली. तो आवाज ऐकून माझा अर्धा जीव जागेवर आला.

तिच्या अंगणात खांबावर बाहुलीच्या घराएवढं एक घर होतं. आत फुलं, आणि लाल सरबताची उघडी बाटली. बाटलीत नळीसुद्धा घातलेली. मला वाटलं लेकरांचा खेळ आहे. आमचा तिथला गाईड नॉन, तिशीतला हसरा माणूस, त्यानं सांगितलं आणि ताईंनी मराठीत केलं, की हे जागेच्या देवतेचं घर आहे, तिला तहान लागते. मी हबकले. बुद्धाच्या देशात हे! आमच्या वस्तीत कोणी असं केलं तर विहारातले काका त्याच संध्याकाळी सभा घेतील.

पण घरात गेले तर कोपऱ्यात बुद्धमूर्ती, पुढे झेंडूची माळ, अगदी आपल्याकडची. मी आपली गुडघ्यावर बसले, हात जोडले आणि "नमो तस्स भगवतो" म्हणायला लागले. मागून पुढची ओळ आली. चाल वेगळी, शब्द तेच. वळून पाहते तर नोईबाई, हातात मिरचीचा बत्ता तसाच. तिला माझं नाव नीट घेता येत नव्हतं, 'लंचना' म्हणायची, पण ती ओळ येत होती.  एवढ्या दूर येऊन आपलंच कोणीतरी आपल्या मागे बसलेलं.

बाजारात मात्र दुसरा धक्का बसला. एका गाड्यावर तपकिरी ढीग होता. मला वाटलं तळलेले झिंगे. इतवारीच्या बाजारात आपण चव घेतल्याशिवाय काही घेत नाही, त्या सवयीनं मी एक उचलून तोंडात टाकला. चावल्यावर कळलं की झिंग्याला एवढ्या लांब तंगड्या नसतात. नाकतोडा होता. आमच्यातल्या इंगळे काकू किंचाळल्या, "थुंक वं, थुंक!" मी गिळला होता. खरं सांगू? वाईट नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पाऊस आणि गोतमारे काका

आता ही मंडळी कशासाठी आली होती ते सांगते. थंडी सुरू व्हायच्या आधी रशिया-चीनकडचे शिकारी पक्षी, बाज, ससाणे, मधुबाज, सगळे खाली गरम मुलखात येतात. त्यांना समुद्रावरून उडायला आवडत नाही, कारण तापलेल्या जमिनीवरून जी हवा वर चढते तिच्यावर बसून ते जातात. चुम्पोनला जमीन दोन्ही बाजूंच्या समुद्रामध्ये अगदी चिंचोळी होते. नरसाळ्यात तेल ओतलं की कसं सगळं एका तोटीतून जातं, तसं ते सगळे एका डोंगरावरून जातात. काळा बाझा नावाच्या बाजांचे तर थवेच्या थवे. त्याला हे लोक नदी म्हणतात.

ही नदी पाहायची म्हणून गोतमारे काका आले होते. रिटायर पोस्टमास्तर. रोज पहाटे अंबाझरी तलावावर दुर्बीण घेऊन जाणारे. दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरनं डोंगर नकोच म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी डॉक्टरशी घासाघीस करून एक चढण पदरात पाडून घेतली होती. "एक डाव पाहू द्या मले," ते विमानतळावरच सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते, "मंग ही दुर्बीण नातीले देऊन टाकतो. परत काही मी डोंगर चढत नाही."

आणि आम्ही पोचलो तो पाऊस. ढग असे खाली आले की डोंगरच दिसेना. पावसात बाज उडत नाहीत, झाडात बसून राहतात. बाकीचे पडवीत पत्ते खेळायचे. काका खुर्चीवर बसून दुर्बिणीची भिंगं पुसायचे, डोळ्याला लावायचे, पाऊस पाहायचे, परत पुसायचे. मी चहा नेऊन दिला की म्हणायचे, "काय वाटते बाई, उघडन का?" जसा तो पाऊस माझ्याच चुलीवर शिजत होता.

तिसऱ्या पहाटे उघडलं. त्या दिवशी दसरा होता.

दसऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा नागपूरच्या बाहेर होते. त्या दिवशी आमच्या वस्तीतल्या बाया दीक्षाभूमीच्या वाटेवर दूरदुरून आलेल्या लोकांना पुरीभाजी वाढतात. माझा झारा दरवर्षी ठरलेला. म्हणून उठल्यापासून जिवाला चुटपुट लागली होती. तेवढ्यात इंगळे काकू म्हणाल्या, "दसऱ्याच्या दिवशी थंडा डबा खायाचा काय वं?" आणि काका हळूच म्हणाले, "गोळाभात होईन का बाई?"

मी म्हटलं, का नाही होणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाटलेल्या डाळीचे तिखट गोळे भातातच वाफवायचे. ताटात भात मोकळा करायचा, त्यावर गोळा कुस्करायचा, आणि वरून हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. ती चर्र वाजली पाहिजे. थंड फोडणी ओतली तर तो गोळाभात नाही, नुसता तेलकट भात. आता भात तर डब्यात नेता येतो, फोडणी कशी नेणार? मी नोईबाईची लहानशी गॅसशेगडी मागून घेतली. नॉनला दोनदा विचारलं, "वर कुक? ओके?" तो म्हणाला, "ओके, ओके," वर पक्षी मोजायला बसलेले मोजणीवाले नूडलचं पाणी अशाच शेगडीवर उकळतात. मी विचारल्याशिवाय काही केलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

डोंगरावर

चढण उभी होती. चिखल, मुळं, कुठे दोर बांधलेला. एका बाजूनं नॉननं काकांचं कोपर धरलं, दुसऱ्या बाजूला काठी. दर वळणावर ते बसायचे आणि वर पाहून म्हणायचे, "चालू झाले का? चालू झाले का?" जसं काही सिनेमा सुरू होईल. नॉनला शब्द कळत नव्हते तरी तो प्रत्येक वेळी "नॉट येट, नॉट येट" म्हणायचा.

वर लाकडी माची बांधलेली. तिथून एकीकडे समुद्र, दुसरीकडे पामची झाडं, वहीत ओढल्यासारख्या रांगा. मोजणीवाले तीन-चार जण मोठ्या दुर्बिणींना चिकटून, हातात टिकटिक करणारी यंत्रं, एक पक्षी गेला की एक टिक. काकांना कठड्याशी स्टूल मिळालं. मी माचीच्या खाली, उताराच्या बाजूला, एका सपाट दगडावर शेगडी मांडली. समुद्राकडून वारा येत होता, डोंगराला धडकून सरळ वर चढत होता. ताई वरून म्हणाल्या, "मावशी, हाच वारा बाजांना उचलतो बरं का." मी म्हटलं असेल बापा. माझं लक्ष तेलाकडे.

तेल तापलं. हिंग टाकला. मिरच्या टाकल्या. मनात दोनपर्यंत मोजून, त्या लाल असतानाच कढई उतरवायची असते, आणि ते मी झोपेतही करते.

तेवढ्यात वर कोणीतरी ओरडलं. मी मान वर केली.

समोरच्या डोंगराच्या खांद्यावरून काहीतरी उतू जात होतं. दूध उतू जातं तसं, पण काळं. गोल गोल फिरत वर चढत होतं. खूप उंच गेल्यावर त्याला एक टोक फुटलं, ते टोक आमच्याकडे वळलं, आणि ते सगळे एकामागे एक, पंख न हलवता, घसरत यायला लागले. मला वाटलं वरून जातील. ते वरून नाही गेले. माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून गेले. काही तर माझ्या खालून.

घारीची पाठ मी जन्मात पाहिली नव्हती. कन्हान नदीच्या पुलावर, मटण मार्केटवर घारी फिरतात, पण घार म्हणजे आपल्याला खालून दिसतं ते पोट. इथं मी वर होते आणि ते खाली होते. काळ्या पाठी, पंखांवर पांढरे डाग, त्यावर ऊन. आणि आवाज नाही. एवढे जीव अंगावरून चाललेत आणि पदराचा फडफडाट होतो तेवढाही आवाज नाही. एक अगदी जवळ आला. डोक्यावर तुरा, शाळेत जाणाऱ्या पोरानं किती तेल लावलं तरी न बसणाऱ्या केसांसारखा. त्यानं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, मग कढईकडे पाहिलं, आणि गेला.

कढईकडे!

खाली पाहते तर मिरच्या कोळसा. भिवापुरी मिरचीचा धूर, आणि तो वारा त्याला उचलून सरळ माचीवर घेऊन चाललेला. ज्या वाऱ्यानं बाज आणले त्याच वाऱ्यानं माझा धूर नेला. मी गॅस बंद केला, कढईवर झाकण आदळलं, पण वर सुरू झालं होतं. पहिले इंगळे काकू, मग ताई, मग मोजणीवाले. असा ठसका की एक जण गुडघ्यावर बसला. टिकटिक बंद. सगळ्यांचे डोळे मिटलेले, नाकातोंडातून पाणी. आणि त्यांच्या डोक्यावरून, खांद्यावरून, ती नदी चाललेली. शांत.

काकांनी एका हातानं कठडा धरला होता, दुसऱ्या हातानं रुमाल डोळ्यांवर दाबला होता. दुर्बीण छातीवर हलत होती.

मी खालून ओरडले, "काका, डोळे उघडा! उघडा न डोळे! इथंच आहेत!"

त्यांनी रुमाल काढला, उघडायचा प्रयत्न केला, मला दिसलं. नाही उघडले. मिरची लागलेला डोळा उघडत नाही, हे माझ्याएवढं कोणाला माहीत असणार.

धूर विरला. माणसांनी डोळे पुसून वर पाहिलं. आभाळ निळंशार, रिकामं.

किती होते

मला वाटलं आता पोलीस येतील. खरंच वाटलं. परक्या देशात त्यांचं सरकारी काम मोडलं म्हणून धरून नेतील, आणि माझ्या पोरीला नागपुरात कोणीतरी फोन करून सांगेल. मी पासपोर्टची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

"तुले काही अक्कल आहे का वं?" इंगळे काकू म्हणाल्या. "आम्ही एवढ्या दूरून काय खोकायले आलो का?"

नॉनही लाल डोळ्यांनी खाली आला. कढईचं झाकण उचलून वास घेतला, परत खोकला, आणि हसायला लागला. आईच्या स्वयंपाकघराचं काहीतरी म्हणाला. मोजणीवालेही हसत होते. चिडलेले होते ते सगळे आपले, सावजी रस्सा भुरकून मोठे झालेले नागपूरकर.

मग मोजणीवाल्यांच्या वतीनं नॉननं मला विचारलं, "हाउ मेनी?"

ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "मावशी, तुम्हीच एक पाहत होता. तो विचारतो आहे, अंदाजे किती होते?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी काहीही आकडा सांगितला असता तरी चाललं असतं, आणि तेवढीच भरपाई झाली असती. जिभेवर आलाही होता.

"मले नाही माहीत," मी म्हटलं. "मी मोजले नाही जी. मी नुसती पाहून राहिली होती."

नॉननं मान हलवली. मोजणीवाल्यांच्या यंत्रांवर तेवढी नदी चढलीच नाही.

नंतर दोन-चार मधुबाज खूप उंचावरून गेले, ठिपक्यांएवढे. दुपारी ढग आले. मी ताटं वाढली, दुसरी फोडणी द्यायची माझी हिंमत नव्हती. काकांनी ताट घेतलं, नुसता कोरडा भात कालवला आणि समुद्राकडे पाहत खाल्ला.  मला रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नॉननं नोईबाईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिनं मला हाताला धरून चुलीशी नेलं, मुद्दाम कढईत मूठभर मिरची टाकली आणि आम्ही दोघी खोकून बेजार झालो. ती हसत होती. तिला सांगायचं होतं की हे रोजचंच आहे. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांतलं सगळं पाणी मिरचीचं नव्हतं.

पडवीत

दुसऱ्या दिवशीही आभाळ मोकळंच होतं. बाकीचे परत डोंगरावर गेले. काकांचे गुडघे सुजून टम्म झाले होते, त्यांना पडवीच्या पायऱ्या उतरवेनात. ताई मला म्हणाल्या, चला मावशी. मी नाही म्हटलं. कोणत्या तोंडानं जाऊ?

काका खुर्चीत, मी उंबऱ्यात लसूण सोलत. पहिली गड्डी सोलून झाली. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"बाई, ते माह्या वाट्याचं होतं."

"हो काका."

"तुम्ही पाह्यलं."

"हो."

"मंग सांगा आता. सारं सांगा. घाई करू नका."

मला सांगता येत नाही, मी सातवी शिकलेली, मला पक्ष्यांची नावं येत नाहीत, असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "नावं मले येतात. तुम्ही बाकीचं सांगा."

म्हणून सांगितलं. दुधाचं सांगितलं. टोक फुटल्याचं सांगितलं. ते मधे मधे अडवायचे. "उजवीकडून का डावीकडून? समुद्राच्या अंगानं? पंख हलवत होते का?" पाठीचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"पाठ दिसली?"

"पाठच दिसली काका. ऊन होतं पाठीवर."

"अन् आवाज?"

"नव्हता. तुम्हा लोकांचा खोकला सोडला तर काहीच नव्हता."

ते पहिल्यांदा हसले. मोठ्यानं नाही. मग म्हणाले, "तुरेवाल्याचं पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. त्या दुपारी तुरेवाला किती वेळा आला याला गणती नाही. लसूण तसाच राहिला.

चार वाजता मंडळी उतरली. चांगले थवे पाहून आली होती, सगळे खुशीत. इंगळे काकू काकांना म्हणाल्या, "बम दिसले भाऊजी आज, ढीगभर! तुम्ही हुकले."

काका म्हणाले, "उंचावरून गेले असतीन."

"हो, मस्त उंच."

"म्हणजे पोटंच पाह्यली तुम्ही." काका खुर्चीत मागे रेलले. "पाठ पाह्यली का कोणी? ऊन पडलेली?"

 मी उंबऱ्यात हबकून त्यांच्याकडे पाहत राहिले. आणि मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "रात्री गोळाभात करा बाई. फोडणी घालून."

नंदनवन

ताईंनी पुढच्या सहलीलाही मलाच विचारलंय. मी हो म्हटलं, पण डोंगरावर मिरची नाही, हे आधीच कबूल करून घेतलं.

काकांनी दुर्बीण नातीला दिली. नात ती गळ्यात अडकवून त्यांच्यासोबत सगळीकडे फिरते. रविवारी ते रिक्षानं माझ्या खानावळीत येतात, आणि दर वेळी कोणी ना कोणी नवा माणूस धरून आणतात, कधी जुना पोस्टमन, कधी शेजारी. गोळाभात मागवतात आणि मला हाक मारतात, "या बाईनं पाह्यलं. सांगा वं बाई."

मी हात पुसून सांगते. गर्दी असली की थोडक्यात उरकते. गेल्या रविवारी तसंच उरकलं आणि आत वळले, तर मागून आवाज आला,

"ओ बाई, त्याचं मान वळवणं राहिलं. पहिले तुमच्याकडं पाह्यलं, मंग कढईकडं. अन् पाठीवरचं ऊन तुम्ही गाळलं आज."

ज्या माणसाचे डोळे तेव्हा मिटलेले होते, तो मला सांगत होता. आणि बरोबर सांगत होता.

"हो काका, राहिलंच," मी म्हटलं. गॅस बारीक केला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.